भिंतीकडे उतार

गोठ्यात गुरं होती तेव्हा वासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या साथीत चार गाई एका आठवड्यात गेल्या. गोठा रिकामा झाला आणि त्याच सुमारास दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली. गोठा थोरल्याच्या वाट्याला गेला, गोठ्याला लागून असलेली खोली धाकट्याच्या. धाकट्याच्या बायकोनं त्या खोलीत स्वयंपाकघर थाटलं. आता गोठ्यात सशांचे चोवीस पिंजरे उभे होते, आणि मंगळवारी सकाळी धाकटा दीर हातात पातेलं घेऊन दारात उभा होता.

"वहिनी, दूध हुंगा."

थोरल्याच्या बायकोनं, थोरलीनं, हातातला खराटा भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले, आणि पातेल्यावर वाकली.

"चांगलं आहे की."

"चांगलं आहे? मुताचा वास मारतोय याला. झाकून ठेवलं होतं, तरी."

"मला नाही येत, भाऊजी."

"कसा येणार? तुम्ही दिवसभर त्यातच असता." दिरानं पातेलं आतून बाहेर येणाऱ्या आपल्या वडलांसमोर, आबांसमोर धरलं. "आबा, तुम्ही सांगा."

आबांनीही हुंगलं. सगळं आयुष्य गुरांत गेलेला माणूस. त्यांनी मान हलवली. "दूध आहे. दुधाला दुधाचाच वास येणार."

"म्हणजे या घरात नाक मला आणि माझ्या बायकोलाच दिलंय देवानं."

पिंजऱ्यांच्या मागून थोरलीचा नवरा बाहेर आला. हातात पाना होता, खांद्यावर पत्र्याचा गंज लागला होता. धाकटा भाऊ तापला की थोरल्यानं गप्प राहायचं, ही त्यांची लहानपणापासूनची रीत होती. फरक इतकाच, की आधी गप्प राहिलं की विषय संपायचा.

"दादा, वाटणीच्या कागदावर काय लिहिलंय ते तुला माहीत आहे. भिंत सामाईक. भिंतीलगत जनावर ठेवायचं तर दोघांच्या मर्जीनं. मी दोन महिने गप्प बसलो. आता माझी मर्जी नाही."

"बरं," नवरा म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"शनिवारी मुकादमाचा ट्रक येतोय, खडी केंद्रावरचा. तोवर थांब. वास गेला तर ससे राहतील. नाही गेला तर मी पिंजरे मोडून ठेवतो आणि ट्रकमध्ये बसतो. मग तुला वासही नको नि मीही नको."

"तुला जा असं कुठं म्हणालो मी?"

"मी म्हणतोय ना."

दीर पातेलं घेऊन निघून गेला. दूध त्यानं जाता जाता ओट्यावर ओतून टाकलं, सगळ्यांना दिसेल असं.

शनिवारच्या ट्रकचं थोरलीनं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"मुकादमाला कधी शब्द दिलात?"

"शब्द नाही दिला. त्यानं विचारलं, मी शनिवारी सांगतो म्हणालो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलंच की आता," तो म्हणाला आणि परत पिंजऱ्यांच्या मागे गेला.

सहा वर्षं तो खडी केंद्रावर जात होता. वर्षातले आठ महिने. दगड फोडणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी उभं राहायचं, फावड्यानं दगड लोटायचे. मागच्या खेपेला परत आला तेव्हा डाव्या अंगठ्याचं नख नव्हतं आणि खोकला होता. नख आलं. खोकला पहाटे अजून यायचा, आणि तो यायच्या आधी नवरा अंथरुणावर उठून बसायचा, जणू पाहुणा येणार आहे. ससे आणायचे हे त्यानंच ठरवलं होतं. पिंजऱ्याचं चित्र त्यानं कॅलेंडरच्या पाठीमागे काढलं होतं आणि वेल्डरपुढे असं उलगडलं होतं की थोरलीला हसू आलं होतं. पस्तिशीचा बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखी पट्टीनं रेघ मारलेली.

पिंजरे तीन मजली. एका मजल्यावर आठ. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात जाळीचे डबे, आणि प्रत्येक मजल्याखाली तिरके पत्रे, म्हणजे वरच्याचं खालच्याच्या अंगावर पडू नये. पत्र्याला उतार कुठल्या बाजूला द्यायचा यावर वेल्डर अडला होता. तेव्हा आबा पुढे झाले. गोठ्याच्या मागच्या, आता सामाईक झालेल्या भिंतीलगत जुनी दगडी नाली होती, त्यांनी स्वतः बसवलेली. चाळीस वर्षं गाईंचं सगळं त्या नालीतून बाहेरच्या खड्ड्यात गेलं होतं.

"नाली भिंतीकडे, तर उतार भिंतीकडे. यात विचारायचं काय?" आबा म्हणाले होते. उतार मोजायची पाणसळ घेऊन त्यांनी स्वतः प्रत्येक पत्रा बघितला. गाई गेल्यापासून कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

स्वच्छतेत थोरलीचा हात कुणी धरला नसता. सासरी आली त्या दिवसापासून तिच्या झाडण्याचं कौतुक होत आलं होतं. गोठा ती सकाळ-संध्याकाळ धुवायची. दहा बादल्या सकाळी, दहा संध्याकाळी. वरच्या पत्र्यावर पाणी टाकायचं, ते मागच्या कडेनं खाली गळायचं, नालीत जायचं, आणि ती खराट्यानं ते खड्ड्यापर्यंत ढकलायची. तिच्या मागून आबा चुन्याची पाटी घेऊन यायचे आणि ओल्या जमिनीवर, नालीत, पत्र्याच्या कडांवर मूठ मूठ चुना भुरभुरायचे. गोठा पांढरा व्हायचा. डॉक्टर एकदा सशांना बघायला आला तेव्हा दारातूनच म्हणाला होता, "इतका स्वच्छ गोठा मी जिल्ह्यात पाहिला नाही." घाई होती त्याला. आत आलाच नाही.

बुधवारी थोरलीनं तीस बादल्या ओतल्या.

आभाळ चार दिवसांपासून भरून आलेलं होतं. ना ऊन, ना पाऊस. वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी तसंच दमट परत घरात यायचं. गोठ्याची जमीन दुपारपर्यंत वाळायची, ती आता वाळेनाशी झाली. थोरली गुडघ्यांवर बसून नालीतले पांढरे पापुद्रे खरवडत होती. सशांचं मूत वाळलं की दगडावर शिंपल्यासारखं चिकटून बसतं. खुरप्यानं निघत नाही, नखानं निघतं. तिची नखं हुळहुळली होती. पाठीला रग लागली की ती उठायची, बादली भरायची, परत बसायची. आबांनी त्या दिवशी चुनाही दुप्पट टाकला.

"आबा, बस झालं का?"

"बस कसं? चुना म्हणजे किड्या-जंतूंचा काळ. माझ्या बापानं टाकला, मी टाकला. चार गाई साथीनं गेल्या त्या काही घाणीनं गेल्या नाहीत."

"मी कुठं तसं म्हणाले?"

"म्हणालीस नाहीस. पण सांगून ठेवलेलं बरं."

तिसऱ्या प्रहरी खालच्या मजल्यावरचा एक ससा शिंकला. मग दुसरा. माणसासारखी नव्हे, बारीक, कुणी काडी मोडावी तशी शिंक. थोरलीनं वाकून बघितलं. तिसऱ्या पिंजऱ्यातली करडी मादी, आठवड्याभरात विणार होती ती, पुढच्या पायांनी नाक पुसत बसली होती. तिच्या पायांचे केस चिकटून चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. डोळ्यांच्या कडा लाल होत्या.

नवऱ्याला तिनं दाखवलं. तो खाली वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याला ढास लागली. पिंजऱ्याला हात टेकून तो बराच वेळ खोकला. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळेही त्या मादीसारखेच झाले होते.

"तिकडे निदान उघड्यावर खोकतो," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचा तिला राग आला.

"मग जा ना! आजच जा. शनिवारची वाट कशाला बघता?"

"जाईन."

"पिशवी भरून देऊ?"

"दे."

तिनं बादली उचलली आणि गरज नसताना आणखी एकदा वरच्या पत्र्यावर ओतली. पाणी मागच्या बाजूनं धडधडत खाली आलं. पलीकडून, भिंतीच्या त्या अंगाला, जावेनं खिडकी आपटून लावल्याचा आवाज आला.

त्या आवाजानं तिच्या मनात काहीतरी घुसलं ते निघेना. रात्रभर आणि सकाळी चहा गाळतानाही ते होतंच. आपल्याला वास येत नाही. आबांना येत नाही. नवऱ्याचं नाक खडीच्या धुळीनं कधीचंच मेलेलं. म्हणजे आपण काय धुतोय, कुठं धुतोय, धुतल्यावर जातंय की वाढतंय, हे आपल्याला कळायलाच काही मार्ग नाही. आंधळ्यानं दिवा पुसत बसावं तसं चाललंय. आणि या घरात चालणारं नाक एकच होतं, ते भिंतीपलीकडे.

जावांनी एकमेकींशी बोलणं टाकून सात महिने झाले होते. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही नीट आठवत नव्हतं. एका पाट्यावरून झालं असावं, किंवा पाट्याच्या वरवंट्यावरून. निरोप पुरुषांमार्फत जायचे. पुरुष ते अर्धे विसरायचे, त्यामुळे भांडण वाढलंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी थोरली अंगण ओलांडून धाकटीच्या दारात गेली. धाकटी पाटावर बसून पालेभाजी निवडत होती. चौथा महिना चालू होता तिला, पण अजून दिसत नव्हतं. डोळ्यांखाली मात्र काळं आलं होतं.

"आहेस का?" थोरली म्हणाली. ती समोरच बसलेली असताना.

"नाही," धाकटी म्हणाली आणि देठ मोडला.

थोरली उभीच राहिली. या घरात आपण पाहुण्यासारखं दारात उभं आहोत, याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटतेय याचीही वाटली.

"एक मागायला आलेय."

"पाटा तुमच्याकडेच आहे, ताई."

"तुझं नाक दे अर्धा तास."

धाकटीनं मान वर केली. "काय?"

"आम्हाला वास येत नाही. तुला येतो. गोठ्यात येऊन सांग कुठून येतो."

"सगळीकडून येतो! मला हल्ली चार घरांपलीकडे कुणी लसूण सोलला तरी ओकारी येते. त्या तुमच्या गोठ्यात मी पाऊल टाकलं तर आतडी बाहेर पडतील माझी."

"पदर लाव."

"पदर लावल्यावर वास कसा येईल?"

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात देऊन उठली. "आधी हे बघा," म्हणाली आणि आतल्या भिंतीवरची फळी दाखवली. फळीखाली, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, भिंत काळवंडून फुगली होती. बोट लावलं तर माती ओली लागत होती. "रोज दोनदा तुम्ही तिकडे पाणी ओतता. रोज दोनदा हे वर चढतं. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, तर त्याला दूधच दिसलं."

थोरलीनं त्या ओलीवर पंजा ठेवला. गार होती. तिच्या हातचं धुणं इथवर पोचत होतं.

गोठ्याच्या दारात धाकटी थांबली, तोंड फिरवून तिनं बाहेरचा श्वास भरून घेतला, आणि आत शिरली. आबा चुन्याच्या पाटीपाशी बसले होते. सुनेला बघून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. थोरलीचा नवरा वरच्या मजल्याच्या जाळीला तार बांधत होता. तो तसाच थबकला. धाकटी साहेब तपासणीला यावा तशी पिंजऱ्यांसमोरून चालली. एकेका ठिकाणी थांबायची, नाक किंचित वर करायची, श्वास घ्यायची.

"इथे आहे. इथे फार आहे." पुढे. "इथे... देवा." तिनं तोंडावर हात दाबला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हटली नाही. "नालीपाशी तर डोळ्यांत मिरची घातल्यासारखं होतं. आबा, तुम्ही इथे बसता कसे?"

"सवय," आबा म्हणाले.

ती रांगेच्या शेवटाला गेली. तिथे चोविसांवरचे तीन जादा पिंजरे जरा बाजूला होते, जुन्या गव्हाणीच्या चौथऱ्यावर चढवलेले. वर तुळई खाली आली होती, त्यामुळे उभं माणूस तिथे शिरत नसे. धाकटी वाकली. एक श्वास घेतला. मग दुसरा, आणखी लांब.

"इथे नाही."

"नीट बघ," थोरली म्हणाली.

"ताई, नाक माझं आहे. इथे नाही. गवताचा येतोय. सशाचा येतोय, थोडा. तो नाही."

थोरली तिच्या शेजारी ओणवी झाली. चौथऱ्यावर लेंड्यांचा ढीग होता, महिन्याभराचा. तिच्या नजरेतून सुटलेला, तिला मान खाली घालायला लावणारा. गवताचा चुरा पडून पडून तो ढीग वर आला होता. तिनं हात घातला. कोरडा. मुठीत चुरला तर वाटाण्यासारख्या लेंड्या खुळखुळल्या. वरच्या तिन्ही सशांचे पाय स्वच्छ होते. एकही शिंकत नव्हता.

तिथे तिची बादली कधी पोचली नव्हती, चौथरा उंच म्हणून. आणि आबांचा चुना पोचला नव्हता, कारण त्यांची कंबर तुळईखाली वाकत नव्हती. सबंध गोठ्यात दोघांच्या हातून सुटलेली ती एवढीच जागा, आणि तेवढीच चांगली होती.

नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" पंधरा वर्षं ज्याचं कौतुक ऐकलं तेच बंद करायचं, हे तोंडानं बोलायला जड जात होतं.

"पाणी बंद करायचं," ती शेवटी म्हणाली. "आणि चुना."

"चुना?" आबा उठले. "चुन्यानं काय घोडं मारलंय?"

"आबा, बघू या तर खरं."

"काय बघायचं? मी काय आज चुना बघतोय?"

तिनं वाद घातला नाही. दोन जुने वाडगे आणले. नालीतला ओला चिखल दोन्हीत सारखा भरला. एकात आबांच्याच पाटीतला चुना मूठभर टाकून काडीनं ढवळला, दुसरा तसाच ठेवला. वर पालथ्या बशा झाकल्या. जेवणं उरकली तशी तिनं दोन्ही वाडगे आबांपुढे ठेवले.

"मला वास येत नाही, तुला माहीत आहे."

"हुंगू नका. नुसतं तोंड जवळ न्या."

आबांनी बिनचुन्याच्या वाडग्यावरची बशी काढली, तोंड जवळ नेलं, खांदे उडवले. दुसऱ्यावरची काढली, वाकले, आणि झटका बसल्यासारखे मागे आले. डोळे घट्ट मिटले. पापण्यांतून पाण्याची धार लागली, गालाच्या सुरकुत्यांतून मिशीत गेली. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. परत वाकले. परत तेच.

धाकटी दारात उभी राहून बघत होती.

"गाईंना कधी असं झालं नाही," आबा म्हणाले.

"गाई मोठ्या, आबा. उंच उभ्या असायच्या. शेण रोज बाहेर जायचं, गोठा उघडा असायचा. यांचं नाक जमिनीपासून वीतभर."

"म्हणजे मीच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग पाटी उचलली, उरलेला चुना पोत्यात ओतला, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. गाठ दोनदा मारली. "उतारही मीच भिंतीकडे दिला," ते पाठमोरेच म्हणाले.

"मी रोज तीस बादल्या ओतल्या," थोरली म्हणाली.

"काल. एरवी वीस," आबा म्हणाले.

"मोजत होतात?"

"मला दुसरं काम काय?"

धाकटीला हसू फुटलं. "आबांनी आपल्या दोघींना चुना लावला," ती म्हणाली, आणि मग तोंडावर पदर घेऊन बाहेर पळाली. हसायला की ओकायला, ते कळलं नाही.

गुरुवारची दुपार आणि सबंध शुक्रवार घरात कुणी धड बसून जेवलं नाही. उतार फिरवायचा होता. पत्रे भिंतीकडे न जाता पुढे, वाटेकडे उतरले पाहिजेत, आणि पुढच्या कडेला काढता-घालता येईल अशी पन्हळ पाहिजे, तिच्यात कोरडा भुसा. म्हणजे ओल भुशात, लेंड्या वर, आणि सकाळी पन्हळ ओढून घमेल्यात रिकामी. नवऱ्यानं सगळं पाठकोऱ्या कागदावर काढलं, परत पट्टीनं. थोरली वखारीत जाऊन लाकडाचा भुसा घेऊन आली, चार पोती, डोक्यावरून चार खेपा. वखारवाला म्हणाला, "एवढा भुसा? सशांना गाद्या करताय काय?" ती म्हणाली, "हो, उशाही लागतील, परत येते."

ससे बाहेर काढायचे, जुन्या टोपल्यांत ठेवायचे. एकेक नट मुतानं गंजून जाम झालेला. पान्यानं हलेना, तेल टाकून हातोडीनं ठोकावा लागायचा. ठोकला की टोपल्यांतले सगळे ससे एकदम दचकायचे. पत्रा सुटला की त्याच्या मागच्या कडेवरचा थर दिसायचा, बोटभर जाडीचा, पांढरा. तो आबा खुरप्यानं खरवडत बसले. ते काम त्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही. थोरली नालीतला चिखल घमेल्यानं बाहेर काढत होती. पाणी न घालता. हात तीनदा आपोआप बादलीकडे गेला, तीनदा तिनं तो मागे घेतला. खिडक्यांना थंडीसाठी लावलेली पोती नवऱ्यानं फाडून काढली, तसा वारा आडवा आत शिरला.

चिखल उपसला त्या संध्याकाळी वास वाढला. दीर अंगणात येऊन ओरडला, "हे काय चाललंय? आधीच काय कमी होतं?" आतून धाकटी म्हणाली, "फोड पिळला की घाण बाहेर येतेच. घरात या." दीर घरात गेला.

शुक्रवारी अंधार पडायच्या आत वरचे दोन मजले झाले. तिसऱ्याचे चार पत्रे राहिले. नवऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना पत्र्यानं कापलं होतं, त्यानं त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. तो कामाबद्दल बोलत होता, पन्हळ किती खोल, स्क्रू किती लांब. शनिवारबद्दल एक शब्दही नाही. थोरलीनं दुपारीच पिशवी भरून ठेवली होती, दोन सदरे, टॉवेल, खोकल्याचं औषध. ती खुंटीला अडकवली होती. त्यानं जाता-येता ती बघितली असणार. काढ म्हणाला नाही, राहू दे म्हणाला नाही.

शनिवारी दिवस उगवला तसा दीर बायकोला घेऊन गोठ्यात आला. स्वयंपाकघराच्या बाजूनं आधी, मग इकडून. धाकटी परत त्याच चालीनं रांगेसमोरून गेली. थोरली तिच्या तोंडाकडे बघत होती, निकाल लागायच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात तशी.

"आहे," धाकटी म्हणाली.

"आहे ना?" दीर म्हणाला. "बघ दादा, मी सांगत होतो..."

"थांबा. आहे, पण उरलेला आहे. नालीच्या दगडात मुरलेला. वरच्या दोन मजल्यांना भुशाचा येतोय." तिनं परत श्वास घेतला. "परवा इथे उभं राहवत नव्हतं. आज राहवतंय."

"म्हणजे किती दिवस?"

"मला काय माहीत? भिंत वाळेल तेव्हा."

"मग माझी मर्जी..."

"स्वयंपाक तुम्ही करता का मी?" धाकटी म्हणाली. "नको वाटेल तेव्हा मीच सांगेन. तोवर ती मर्जी खिशात ठेवा."

दिरानं थोरल्या भावाकडे बघितलं. भाऊ खालच्या मजल्याच्या पत्र्याखाली शिरला होता, नुसते पाय दिसत होते. दीर पुटपुटला, "चार पत्रे राहिलेत की अजून," आणि निघून गेला. जाताना त्यानं दारात पडलेलं भुशाचं पोतं उचलून आत ठेवलं.

म्हणजे हो नाही, नाहीही नाही. थोरलीला वाटलं होतं की आज काहीतरी एक ठरेल. तिनं पत्र्याचं पुढचं टोक दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं. आतून नवरा मागचा बोल्ट शोधत होता. करडी मादी टोपलीत पडून होती, पुढचे पाय अजून चिकटलेले. मधूनच शिंकत होती. ती बरी होईल का, पिल्लं जगतील का, कुणी सांगितलं असतं?

रस्त्यावर हॉर्न वाजला. लांब, मग दोन आखूड.

पत्र्याखालचा आवाज थांबला.

"आला," नवरा म्हणाला.

"हं."

"तू सांगतेस का त्याला?"

"काय सांगू?"

तो सरपटत मागून बाहेर आला. केसांत भुसा होता, दातांत दोन स्क्रू धरलेले. ते त्यानं हातावर काढून घेतले, खिशात टाकले.

"पत्रा सोडू नकोस," तो म्हणाला. "मागून सुटलाय. सोडलास तर सगळा खाली येईल."

तो बाहेर गेला. पिशवीची खुंटी दारामागे होती, तिला ती दिसत नव्हती. तिथे तो थांबला की नाही, हेही दिसलं नाही. तिच्या हातांवर सबंध पत्र्याचा भार होता. कड तळहातात रुतत होती. बाहेर मुकादमाचा आवाज आला, मोठा, हसरा. "काय मालक, सशांचे मालक! बस की वर." मग नवऱ्याचा, हळू, शब्द न कळणारा. मग मुकादम परत, आता न हसता. मग कुणाचाच नाही. ट्रकचं दार उघडल्याचा आवाज झाला. लावल्याचा झाला. आबा चौथऱ्यावर बसले होते, खुरपं हातात तसंच. ते तिच्याकडे बघत नव्हते.

ट्रक चालू झाला. गियर बदलला, आवाज चढला, वळणावर बारीक झाला, आणि गेला.

तिच्या दंडांना कापरं भरलं होतं. पत्रा हलत होता आणि त्याच्यासोबत वरची जाळी, आणि तिच्यातले ससे पाय रोवून बसले होते. तिनं डोळे मिटले. सोडला तर सगळा खाली येईल.

पत्र्याच्या मागच्या बाजूचं वजन एकदम हलकं झालं.

"पुढे ओढ," आतून आवाज आला. "बोटभर. हां, बस."

दोन बोल्ट बसल्याचे ऐकू आले, पाना फिरल्याचं ऐकू आलं.

"काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"पुढच्या वर्षी विचारणार नाही म्हणाला. माझ्या जागी दुसरा बसवला."

"मग?"

"मग काय." पाना आणखी एक वेढा फिरला. तो खोकला, थोडा, आणि थांबला. "हात काढ आता. बसलाय तो."

तिनं हात काढले. पत्रा जागचा हलला नाही. उतार वाटेकडे होता.

"अजून तीन आहेत," नवरा म्हणाला. "आबा, पाणसळ द्या इकडे."